सासऱ्यांचा ट्रॅक्टर आणि माझा पाय

मी स्वभावाने भित्रा आहे. हे मी कुणापासून लपवत नाही, कारण लपवायचीही मला भीती वाटते. कुत्री, इंजेक्शन, फटाके आणि आमच्या साहेबांची घंटी या सगळ्यांना मी सारख्याच श्रद्धेने भितो. पण ही सगळी भीती एका पारड्यात टाकली आणि दुसऱ्यात माझे सासरे महादेवराव यांना बसवलं, तर सासऱ्यांचं पारडं जमिनीला टेकेल. ते मला कधी वाकडा शब्द बोलल्याचं आठवत नाही. मुळात ते बोलतच नाहीत. नुसते बघतात, आणि मग आपल्याला आपल्याच चुका आठवू लागतात.

अशा माणसाचा ट्रॅक्टर मी बिघडवला, असं अख्ख्या गावाचं म्हणणं होतं.

गाव कळमेश्वरजवळ, रेल्वेच्या फाटकापलीकडे. ट्रॅक्टर जुना, विलायती आणि तिसऱ्या हाताचा. तो आला त्या वर्षी सासऱ्यांच्या जोडीतला एक बैल मेला, आणि उरलेला मुंगशा त्यांनी बाजारात विकून टाकला. आता बैलांचा जमाना संपला, असं त्यांनी जाहीर केलं. जाहीर केलं म्हणजे कुणीतरी विचारलं तेव्हा मान हलवली. पोळ्याला आम्ही नागपूरहून गेलो, तर कोठ्यात बैलांच्या जागी तो राखाडी ट्रॅक्टर उभा. गावातली मंडळी म्हणाली की यालाही झूल घालून तोरणाखाली उभा करू. सासरे म्हणाले, "लोखंडाले कायचा पोया?" आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले.

माझ्या हातून घडलं ते इतकंच. सगळं गाव बैल बघायला गेलं होतं आणि मी बैलांच्या शिंगांना भिऊन कोठ्यातच थांबलो होतो. ट्रॅक्टर चालवणारा कवडू तिथे बिडी ओढत होता. तो म्हणाला, "जवाईबापू, बसून तं पाहा. हा क्लच, हा ब्रेक. भेव वाटलं का क्लच दाबाचा."

मला भीती बसल्याबसल्याच वाटली होती, म्हणून मी क्लच तेव्हापासूनच दाबून ठेवला. अगदी पूर्ण नाही. पूर्ण दाबला की ट्रॅक्टर थांबायचा आणि कवडू हसायचा, सोडला की तो उसळायचा आणि मी रामनाम घ्यायचो. म्हणून मधल्यामध्ये, सरकारी नोकरीत वागतो तसा, कुणालाच न दुखावता पाय ठेवला. कोठ्यापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून कोठ्यापर्यंत आम्ही असे गेलो आणि आलो. उतरलो तेव्हा शिरा भाजल्यासारखा वास येत होता. सणाचा दिवस होता, मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर नांगराला जुंपला. इंजिन डरकाळ्या फोडतंय आणि चाक जागचं हलेना. कवडूने टोपी काढून डोकं खाजवलं. इंजिनाचा जोर चाकापर्यंत पोचवायचं काम क्लचची प्लेट करते, ती इंजिनाला घट्ट धरून फिरली पाहिजे, आणि ही नुसती घसरते आहे, म्हणजे जळाली, असं त्याने जमलेल्या लोकांना समजावलं. मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनीही पाहिलं, पण लगेच नजर वळवली. मी त्याचा अर्थ असा लावला की आपण आता त्यांच्या बघण्याच्याही लायकीचे उरलो नाही.

बातमीला बसचं तिकीट लागत नाही. आम्ही नागपूरला परतलो तर आमच्या शेजारच्या मारोतरावांना सगळं ठाऊक. त्यांचे कुणी मेहुणे गांधीबागेत कापडाच्या दुकानात होते, तिथे आमच्या सासुरवाडीचं कुणी लुगडं घ्यायला आलं होतं. मारोतरावांकडे स्कूटर होती, त्यामुळे आमच्या आळीत क्लच या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा असे.

"पाय ठेवून चालवलं ना तुम्ही?" ते फाटकातूनच म्हणाले. "क्लच म्हणजे बायकोचा राग आहे गिरिधरराव. एक तर पूर्ण दाबा नाही तर पूर्ण मोकळा सोडा. अर्धवट दाबून ठेवला की जळतो."

हे त्यांनी लतिकेसमोर सांगितलं. लतिका म्हणजे माझी बायको. तिने त्यांना चहा दिला आणि मला दिला नाही.

काही दिवसांनी सासरेच नागपूरला आले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी आली, आणि ते आमच्या बाहेरच्या खोलीत आरामखुर्चीत बसून दुसऱ्या डोळ्याने माझ्याकडे पाहू लागले. दोन डोळ्यांत जी जरब विभागलेली असायची ती आता एकाच डोळ्यात गोळा झाली होती. त्या सगळ्या मुक्कामात ते एकदाच बोलले. जेवता जेवता म्हणाले, "चना पेराचा हाय."

रात्री लतिकेने त्याचं मला भाषांतर करून दिलं. "बाबा घरी पोचायच्या आत ट्रॅक्टर नीट झाला पाहिजे. माझ्या माहेरी तुमचं नाव निघालं की लोक तोंडावर पदर धरतात. चणा वेळेवर पेरला गेला नाही, तर पुढच्या पोळ्याला मी एकटी जाईन, आणि तुमच्या तब्येतीचं काय सांगायचं ते माझं मी ठरवीन."

जावयाची अब्रू ही फार नाजूक वस्तू असते. ती सासुरवाडीच्या लोकांनीच दिलेली असते आणि त्यांच्याच घरी ठेवलेली असते. मी दुसऱ्याच दिवशी प्लेट मिळवायच्या मागे लागलो.

विलायती ट्रॅक्टरची प्लेट बाजारात मिळत नसे, परवानगीने मिळे. परवानगी देणाऱ्या कचेरीचं नाव मी सांगत नाही, मला अजून पेन्शन घ्यायची आहे. पहिल्या टेबलावरच्या गृहस्थाने विचारलं, "जुनी प्लेट कुठाय?" मी म्हटलं, ट्रॅक्टरमध्ये. तो म्हणाला, ती काढून दाखवल्याशिवाय ती जळाली हे आम्ही कसं मानावं? दुसरा म्हणाला, प्लेट काढली तर ट्रॅक्टर बंद पडेल, आणि बंद ट्रॅक्टरला सुटे भाग द्यायची तरतूद नाही. तिसरा फार सज्जन होता. त्याने सांगितलं, "मालकाची सही आणा, मी पाहतो. डोळ्याला पट्टी आहे म्हणता? मग अंगठा चालेल."

सासरे इंग्रजी तिसरी शिकलेले होते आणि सहीखाली दोन रेघा ओढत. त्यांच्यासमोर शाईचा पॅड धरून 'अंगठा द्या' म्हणायचं, या नुसत्या कल्पनेने मला कचेरीच्या पायऱ्यांवर बसून पाणी प्यावं लागलं. मी परवानगीचा नाद सोडला.

आता एकच मार्ग होता. ट्रॅक्टर कसाबसा कळमेश्वरच्या मिस्त्रीकडे न्यायचा आणि त्याच्या पाया पडायचं. सासरे मंगळवारी दुपारच्या पॅसेंजरने एकटे परतणार होते. सोबत कोणी नको, एक डोळा उघडा आहे, असं त्यांनी खुणेनेच कळवलं होतं. मी सोमवारी रजा टाकून गावी गेलो. मंगळवारी सकाळीच ट्रॅक्टर मिस्त्रीकडे टाकायचा आणि तिथूनच सासऱ्यांना स्टेशनवर घ्यायला जायचं, असा माझा बेत होता. भित्र्या माणसाचे बेत फार व्यवस्थित असतात.

कवडू एकटा जायला तयार होईना. "मालकानं इचारलं तं साक्षीले कोणी पाहिजे जी," तो म्हणाला. म्हणून मी त्याच्या शेजारी चाकावरच्या पत्र्यावर बसलो. निघताना माझी सासू प्रयागबाई दारात आली. तिने ट्रॅक्टरवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मला म्हणाली, "जवाईबापू, तुम्ही कायलेच हात नका लावू."

सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर चालत होता. चालत होता म्हणजे शेजारून गेलेली एक म्हातारी पुढे निघून गेली आणि वळून आमच्याकडे दयेने बघत राहिली. जरा चढ आला की इंजिन बोंबलायचं आणि चाक विचारात पडायचं. आणि दर वेळी तोच वास, साजूक तुपात काहीतरी भाजल्याचा. मी कवडूला विचारलं तर तो म्हणाला, "तुमाले भूक लागली असन." मला भूक नव्हती.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा आम्ही रेल्वेच्या फाटकाशी पोचलो. तिथे रस्ता रुळांवर चढतो आणि पलीकडे उतरतो. चढ बैलाच्या वशिंडाएवढा. कवडूने जोर केला, पुढची चाकं रूळ ओलांडून गेली, मागची मोठी चाकं बरोबर दोन रुळांच्या मध्ये आली, आणि तिथे ट्रॅक्टरने मुक्काम केला. इंजिन ओरडत होतं, धूर निघत होता, तुपाचा घमघमाट सुटला होता, आणि आम्ही तसूभर हलत नव्हतो.

फाटकवाला उत्तर प्रदेशातला होता. तो शांतपणे कोठडीतून बाहेर आला आणि म्हणाला, "बाबूजी, हटाइए. पसिंजर आ रही है."

कवडूने उडी मारली. मलाही मारायची होती, पण तिथून जमीन फार खाली दिसत होती. गाडीखाली मरण्याची भीती आणि उडी मारण्याची भीती अशा दोन्ही एकदम आल्या आणि माझ्यात कुणाचं ऐकायची शक्ती उरली नाही. मी पत्र्याला मिठी मारून बसून राहिलो.

"डरिए मत," फाटकवाला म्हणाला. "जब तक गेट बंद नहीं, सिग्नल नहीं मिलेगा. गाड़ी बाहर खड़ी रहेगी. बस, आपका नाम लिखवा दीजिए. सरकारी नौकरी में हैं क्या?"

मला धीर द्यायची ही त्याची पद्धत होती. रेल्वे अडवणारा कारकून म्हणून माझी चौकशी होणार, साहेब घंटी वाजवणार, आणि घंटी वाजली की काय होतं ते मी वर सांगितलंच आहे. तेवढ्यात दूरवर शिट्टी ऐकू आली. काळं इंजिन सिग्नलपाशी येऊन उभं राहिलं आणि संतापून शिट्ट्या मारू लागलं. तीच ती पॅसेंजर. तिच्यात सासरे बसलेले होते.

पाच मिनिटांत अर्धी गाडी फाटकावर उतरली. आपल्याकडे प्रवाशाला गाडी थांबल्याचं दुःख नसतं, काहीतरी बघायला मिळाल्याचा आनंद असतो. कुणी म्हणालं हवा सोडा, कुणी म्हणालं हवा भरा. एकाने क्लचमध्ये राख टाकायला सांगितली. रेल्वेचा ड्रायव्हर हात पुसत आला. त्याला सगळ्यांनी वाट करून दिली. त्याने ट्रॅक्टरला एक फेरी घातली आणि म्हणाला, "पच्चीस साल इंजन चलाया. हमारे में क्लच होता ही नहीं." एवढं सांगून तो आणखी ऐटीत उभा राहिला. शेवटी एका पैलवान माणसाने सगळ्यांना चाकांना भिडवलं. 'हर हर महादेव' झालं आणि ट्रॅक्टर माझ्यासकट रूळ ओलांडून पलीकडच्या उतारावरून घरंगळत एका बाभळीला जाऊन टेकला. फाटक बंद झालं. गाडी निघून गेली.

मी डोळे उघडले तेव्हा समोर सासरे उभे होते. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, हातात छत्री आणि पिशवी. महादेव या नावाचा गजर झाला म्हणून नव्हे, आपला ट्रॅक्टर ओळखला म्हणून ते गाडीतून उतरले होते. मी खाली उतरलो. म्हणजे पडलो.

ते बाभळीखाली बसले. कवडू मात्र आता पेटला होता. इंजिनाच्या मागे, ट्रॅक्टरची मान म्हणता येईल अशा जागी, हात जाईल एवढं भोक होतं. त्याचं झाकण पहिल्यापासून हरवलेलं होतं आणि तिथे चिंधी कोंबलेली असे. "क्लच अंदर हाय," म्हणत त्याने चिंधी उपसली. ती पिवळीधमक होती. त्याने हात आत घातला आणि बाहेर काढला. हातही पिवळा. त्याने बोटं नाकाशी नेली आणि त्याचा चेहरा उतरला.

"हळद," तो कुजबुजला. "हळद अन् तूप. जवाईबापू, हे जळालं नाई. कोणीतरी करणी केली."

मी बी. ए. आहे. करणीवर माझा विश्वास नाही. पण त्या भर दुपारी बाभळीखाली माझ्या मानेवर काटा आला हे खोटं कशाला सांगू? "बायजाबाईचंच काम," कवडू म्हणाला. बायजाबाई म्हणजे सासऱ्यांच्या बांधाला लागून शेत असलेली एकटी म्हातारी, जिला बोलायला कोणी नसल्यामुळे ती झाडांशी बोलत असे. "धुऱ्यावरून भांडण होतं तिचं. मी लोकाईले घेऊन येतो." मी काही म्हणायच्या आत तो फाटकाखालून वाकून गावाच्या दिशेने पळत सुटला.

मग बराच वेळ मी आणि सासरे असे दोघेच उरलो. मी त्यांच्या बघण्याची वाट पाहत होतो. ते बघेनात. त्यांनी पिवळी चिंधी उचलली आणि घडी घालावी तशी हातात फिरवत राहिले.

"तुम्ही नाई जाळला," ते म्हणाले.

मी त्यांच्यासमोर खाली बसलो.

"पोयाच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकतात. ठाऊक हाय ना तुमाले? वर्षभर ज्या खांद्यावर जू असते तिथं तूप-हळद लावाची. म्हणाचं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." ते थांबले. एवढं बोलायची त्यांना सवय नव्हती. "बुढीनं, तुमच्या सासूनं, नेहमीसारखी वाटी भरून ठेवली. तिच्या ध्यानातच नाई राहिलं. मी वाटी घेऊन कोठ्यात गेलो. मुंगशा नाई. हात तं तुपानं भरला. आता तो नेऊ कुठं?"

त्यांनी ट्रॅक्टरच्या मानेकडे हात केला. "इथं चिंधी दिसली. मले वाटलं, इथंच लागलं असन याले. जास्त लावलं."

माझ्या सासऱ्यांचा उघडा डोळा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. त्यात भीती होती. माझ्या ओळखीची, अगदी रोजच्या बैठकीतली भीती. लोखंडाला कशाचा पोळा म्हणणारा माणूस लोखंडाला तूप चोळत होता, हे गावाला कळलं तर गाव हसेल, याला ते भीत होते. आणि बायजाबाईच्या दारात लोक जमतील, यालाही भीत होते. शेताच्या पायवाटेवर धूळ दिसू लागली होती. कवडू दहा-बारा माणसं घेऊन येत होता आणि पुढच्या एकाच्या हातात काठी होती.

मंडळी येऊन उभी राहिली. सासरे छत्रीवर जोर देऊन उठले. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून शब्द फुटेना.

"तूप मी घातलं," मी म्हणालो.

हे कोण बोललं म्हणून मीच इकडेतिकडे पाहिलं.

"तुम्ही?" कवडू म्हणाला. "काहून?"

"ग्रीस लावायचं असतं असं ऐकलं होतं. ग्रीस सापडलं नाही. सासूबाईंनी वाटीत तूप ठेवलेलं दिसलं."

"अन् हळद?"

"ती त्यातच होती," मी म्हणालो. "म्हटलं, असली तर बरीच."

भित्र्या माणसाचं खोटं लगेच पकडलं जातं असा माझा अनुभव होता. शिवाय, नागपूरचा, कचेरीत काम करणारा, बी. ए. झालेला माणूस यंत्रात साजूक तूप ओततो, हे निदान एकाला तरी अशक्य वाटेल, एक तरी जण 'छे' म्हणेल, अशी माझी माफक अपेक्षा होती. कुणालाही शंका आली नाही. काठीवाल्याने काठी खाली टाकली आणि तो बाभळीला धरून हसू लागला. मग सगळेच हसले. कवडू तर खाली बसून हसला. बायजाबाईचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

हसता हसताच त्यांनी ट्रॅक्टर ढकलत कळमेश्वरला नेला. प्लेट जळाली नव्हती, तुपाने घसरत होती; मिस्त्रीने ती पेट्रोलने धुऊन उन्हात ठेवली, आणि चणा वेळेवर पेरला गेला. ट्रॅक्टर ढकलत नेताना आम्ही दोघे मागून चालत होतो. सासऱ्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. डोळ्याला पट्टी आहे, आधार लागत असेल, असं मला वाटलं. पण हाताचा भार नव्हता. ते तळव्याने सावकाश, मानेपासून दंडापर्यंत, खांदा चोळत होते. कळमेश्वर येईपर्यंत चोळत होते. त्या हाताची मला मुळीच भीती वाटली नाही.

लतिकेने मात्र अजून मला माफ केलेलं नाही. जळलेल्या क्लचचा जावई परवडला, पण हे तुपाचं काय, असं ती म्हणते. सासुरवाडीला पंगतीत बसलो की तूप वाढणारी कुणीतरी हटकून थांबते आणि विचारते, "जवाईबापू, तुमाले वाढू का ट्रॅक्टरले?" सगळी पंगत हसते. सासरे हसत नाहीत. ते वाटी तिच्या हातून घेतात आणि मला स्वतः वाढतात, पुरे म्हटलं तरी वाढतच राहतात.